दक्षिण सुदानमध्ये दवाखान्याचं ऑफिस सांभाळायला निघताना

वैद्यकीय मदत पथकात डॉक्टर आणि नर्स लागतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. पगारपत्रक करणारा, रोकड सांभाळणारा, परमिटच्या मागे लागणारा, भरतीची जाहिरात लावणारा माणूसही तिथे लागतो, हे मात्र आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. त्यामुळे बी.कॉम., एम.कॉम. झालेली, अकाउंट्स किंवा एचआरमध्ये चांगली मुरलेली मुलंमुली 'आम्ही कुठे डॉक्टर' म्हणून अर्जच करत नाहीत. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

मी हे काम दक्षिण सुदानमध्ये केलं, म्हणून उदाहरणं तिथलीच देतो. तिथे राहून माझं एक मत पक्कं झालं. अशा ठिकाणी दवाखाना टिकतो तो गावाच्या विश्वासावर. डॉक्टरांचा हात चांगला आहे हे गावाला हळूहळू कळतं, पण नोकऱ्या कुणाला मिळाल्या आणि पगार वेळेवर झाला का, हे पहिल्या महिन्यातच कळतं. म्हणून ऑफिसचं काम हे सुरक्षेचंच काम आहे असं समजून सुरुवात करा.

आधी देश समजून घ्या

दक्षिण सुदान 9 जुलै 2011 रोजी स्वतंत्र झाला आणि डिसेंबर 2013 मध्ये राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि माजी उपराष्ट्राध्यक्ष रिएक माचार यांच्या फौजांमध्ये युद्ध पेटलं. सप्टेंबर 2018 मध्ये शांतता करार झाला, तरी अप्पर नाईल आणि जोंगलेईसारख्या भागांत लढाई पुन्हा पुन्हा उसळते. दिंका, नुएर, शिल्लुक, मुर्ले अशा अनेक जमाती आहेत. तुमच्या पगारपत्रकावर कोणत्या जमातीची किती नावं आहेत, याकडे सगळ्यांचं लक्ष असतं.

कायद्याचं म्हणाल तर 1949 च्या जिनिव्हा करारांनी रुग्णालयांना संरक्षण दिलेलं आहे. 3 मे 2016 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 2286 क्रमांकाच्या ठरावाने तेच पुन्हा बजावलं. त्यानंतर बरोबर नऊ वर्षांनी, 3 मे 2025 रोजी, जोंगलेईतल्या ओल्ड फंगाक इथे मेदसां सां फ्रोंतिएर, म्हणजे सगळे जिला एमएसएफ म्हणतात त्या वैद्यकीय मदत संस्थेच्या हॉस्पिटलवर हवाई हल्ला झाला आणि औषधांचं भांडार जळून गेलं. हे घाबरवायला सांगत नाही. घरच्यांशी बोलताना ही माहिती लपवू नका, एवढंच.

अर्ज आणि निवड

एमएसएफ 1971 साली पॅरिसमध्ये सुरू झाली. ती आणि आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समिती या अशा कामातल्या सगळ्यात मोठ्या संस्थांपैकी. किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव सहसा मागतात. एक्सेल हाताखालचं हवं, पगारपत्रक स्वतः केलेलं हवं, लोकांकडून काम करून घेतलेलं हवं. दक्षिण सुदानमध्ये इंग्रजीवर भागतं. फ्रेंच येत असेल तर चाड, काँगो, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक इथली दारं उघडतात. मानधन बेताचं असतं, तेव्हा गृहकर्जाचे हप्ते चालू असतील तर आधी गणित मांडा. पहिली नेमणूक सहसा सहा महिने ते वर्षभराची.

मुलाखतीत हिशेबापेक्षा स्वभावाचे प्रश्न जास्त येतात. त्याच आठ-दहा माणसांबरोबर राहायचं, त्यांच्याबरोबरच जेवायचं, अंधार पडल्यावर कुंपणाबाहेर जायचं नाही, हे कित्येक महिने जमेल का? याचं उत्तर प्रामाणिकपणे द्या.

निघण्याआधी

पीतज्वराची लस घ्या. ती सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, आणि तिचा पिवळा दाखला टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो. तिकीट आधी आणि लस नंतर असं करू नका. मलेरियाची प्रतिबंधक गोळी कोणती आणि कधी सुरू करायची हे डॉक्टरांना विचारा. दात तपासून घ्या. तिथे दाढ दुखायला लागली तर विमानाची वाट बघावी लागते.

देशांतर्गत प्रवास छोट्या विमानांतून होतो. जागतिक अन्न कार्यक्रम चालवतो ती मदतकार्याची विमानसेवा यूएनहास नावाने ओळखली जाते. सामान सगळं मिळून 20 किलोच्या आसपास धरा. सौर कॅल्क्युलेटर, हेडलॅम्प, चांगले गमबूट आणि एक्सेलच्या तुमच्या आवडत्या फाइलींची ऑफलाइन प्रत एवढं आधी भरा, मग कपडे. डॉलर न्यायचे तर नव्या मालिकेच्या, कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा न्या. जुन्या किंवा शाईचा डाग पडलेल्या नोटा तिथे सरळ परत करतात.

निघताना एक गोष्ट मन हलवते. तुमचं अपहरण झालंच, तर तुम्ही जिवंत आहात याची खात्री करून घेण्यासाठी काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं तुमच्याकडून लिहून घेतात, आणि तो कागद बंद पाकिटात ठेवतात. उत्तर फेसबुकवर सापडेल असा प्रश्न नको. शाळेचं नाव, आईचं माहेर हे नको. लहानपणी शेजारच्या गाईला काय हाक मारायचात, असं काहीतरी लिहा. त्याच दिवशी बँकेचं नामनिर्देशन आणि विम्याचे कागद घरात कुठे आहेत, हे एका विश्वासू माणसाला दाखवून ठेवा.

जुबातले पहिले दिवस

राजधानी जुबामध्ये समन्वय कार्यालय असतं. तिथे तुमची नोंदणी, कामाचा परवाना, प्रवासाची परवानगी ही कामं होतात. मदत संस्थांचा सगळा कारभार मदत व पुनर्वसन आयोगामार्फत चालतो. त्याला तिथे आरआरसी म्हणतात, आणि जिल्ह्याच्या ठिकाणीही त्याचे अधिकारी असतात. 2016 च्या कायद्यानुसार संस्थेचे किमान 80 टक्के कर्मचारी दक्षिण सुदानी असायला हवेत. हा नियम तोंडपाठ ठेवा, भरतीच्या प्रत्येक चर्चेत तो येतो. पासपोर्टच्या झेरॉक्स आणि फोटो भरपूर ठेवा.

या दिवसांत जुन्या कर्मचाऱ्यांशी गप्पा मारा. संस्थेचं धोरण फाइलीत सापडतं. कोणत्या अधिकाऱ्याला आधी भेटलं नाही तर वाईट वाटतं, हे ड्रायव्हरच सांगतो.

ताबा घेताना

प्रकल्पावर पोचलात की आधीच्या माणसाकडून ताबा घ्यायचा. तिजोरीतली रोकड दोघांनी मिळून मोजा, नोटांच्या प्रकारानुसार कागदावर लिहा, किर्दीतल्या शिल्लकेशी जुळवा आणि मगच सही करा. विमान थांबलंय, पायलट घाई करतोय, असं असलं तरी मोजल्याशिवाय सही नाही. त्यानंतर करारांच्या फाइली बघा. कुणाचा करार कधी संपतोय याची यादी पहिल्या आठवड्यात करा, कारण करार संपून गेल्याचं कर्मचाऱ्याच्या आधी तुम्हाला कळायला हवं.

गावातल्या लोकांना भेटा. नुएर भागात असाल तर 'माले' म्हणून नमस्कार करा. आयुक्त, आरआरसीचा अधिकारी, वडीलधारे, बाजारातले मोठे दुकानदार या सगळ्यांना प्रकल्प समन्वयकाबरोबर जाऊन भेटा, एकटे नको.

रोकड

आडगावात बँक नाही. दवाखान्याचा सगळा खर्च, शेकडो माणसांचे पगार, रोजंदारी, बोटीचं भाडं, जळण, सगळं रोखीत चालतं. ही रोकड विमानाने येते.

ती कोणत्या दिवशी येणार हे तिघाचौघांपलीकडे कुणाला कळता कामा नये. वायरलेस रेडिओवर पैशाचा शब्दही काढायचा नाही, कारण तो सगळेच ऐकत असतात. तिजोरीची किल्ली एकाकडे आणि कोड दुसऱ्याकडे. तिजोरीत किती ठेवायचं याची मर्यादा ठरलेली असते आणि ती पाळण्यातच सगळ्यांचं भलं आहे, कारण जास्त रोकड म्हणजे दरोड्याला आमंत्रण. हातशिल्लक रोज संध्याकाळी मोजा. महिन्याअखेरीस एकदम ताळमेळ घालायला बसलात तर फरक कुठून आला ते सापडत नाही, आणि संशय रोखपालावर जातो. रोज मोजणी केली तर तो माणूस निर्धास्त झोपतो.

व्हाउचर त्याच दिवशी. चिखलातून लाकडं वाहून आणणारा माणूस पावती कुठून देणार? त्याला लिहिता येत नसेल तर आपणच पावती लिहायची, त्याच्या भाषेत वाचून दाखवायची, अंगठा घ्यायचा आणि तिसऱ्याची साक्ष घ्यायची. मोठ्या खरेदीला तीन कोटेशन लागतात. गावात दुकानंच दोन असतील तर तसं लिहून ठेवा. खोटं तिसरं कोटेशन बनवून घेऊ नका. लेखापरीक्षक समजूतदार असतात, फक्त त्यांना कारण लिहिलेलं हवं असतं.

चलनाचा प्रश्न वेगळाच आहे. 15 डिसेंबर 2015 रोजी तिथल्या मध्यवर्ती बँकेने दक्षिण सुदानी पौंडाचा बांधलेला दर सोडून दिला, आणि डॉलरला सुमारे 3 पौंड असलेला अधिकृत दर एकदम 18 च्या आसपास गेला. त्यानंतरही पौंड घसरतच राहिला. पौंडात पगार घेणाऱ्या नर्सच्या घरी याचा अर्थ काय होतो ते बाजारात गेल्यावर कळतं. तिथेही मुख्य धान्य ज्वारीच आहे, आणि ती 'मालवा' या मापाने विकतात, साधारण साडेतीन किलोचं. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या तीन दुकानांत जाऊन ज्वारीचा एक मालवा, तेल, साखर आणि साबण यांचे भाव लिहून जुबाला पाठवा. पगारवाढीचा निर्णय वरच होतो, पण तो लवकर व्हायचा तर आकडे खालून जायला हवेत. मला विचाराल तर या नोकरीतला सगळ्यात महत्त्वाचा कागद हाच. तो तुमच्याकडे कुणी मागणार नाही. तरीही पाठवा.

माणसं: भरती आणि रोजंदारी

ज्या गावात दुसरा रोजगारच नाही, तिथे दवाखान्यातली सफाई कामगाराची जागासुद्धा अख्ख्या कुटुंबाचं पोट भरते. म्हणून भरती पूर्ण उघड्यावर करा. जाहिरात फाटकावर, बाजारात आणि चर्चपाशी लावा. अर्ज घेतल्यावर क्रमांक द्या. लेखी परीक्षेचा पेपर नावाशिवाय, क्रमांकावर तपासा. मुलाखतीला एकट्याने बसू नका. निवड झाली नाही अशा माणसाने कारण विचारलं तर दाखवायला गुण तयार ठेवा. एखादा अधिकारी चिठ्ठी पाठवील. 'त्यांनाही परीक्षेला बसवा, स्वागत आहे' हे उत्तर सगळ्यांना सारखंच द्या.

रोजंदारीच्या कामाला फाटकावर गर्दी होते. गावातल्या प्रमुखांशी बोलून पाळ्या लावा, मस्टर रोज भरा आणि मजुरी कामाच्या दिवशीच द्या.

नावांचं काम बारकाईने करा. बहुतेकांचं नाव स्वतःचं, वडिलांचं आणि आजोबांचं असं तीन भागांचं असतं. नुएर पुरुषांच्या नावात सुरुवातीला पुष्कळदा 'गात' आणि बायकांच्या नावात 'न्या' येतं, त्यामुळे एकसारखी नावं भरपूर. त्यात एकच नाव तीन कागदांवर तीन स्पेलिंगने असतं. ओळखपत्रावरचं स्पेलिंग एकदा पक्कं करा आणि करार, मस्टर, पगारपत्रक सगळीकडे तेच ठेवा. जन्मतारीख ठाऊक नसल्यामुळे पुष्कळांची 1 जानेवारी असते, म्हणून तारखेवरून माणूस ओळखायला जाऊ नका. कर्मचारी क्रमांक हाच आधार.

पगाराचा दिवस

आदल्या संध्याकाळी दार लावून दोघांनी पाकिटं भरायची. एकाने मोजायचं, दुसऱ्याने पुन्हा मोजायचं, पाकिटावर क्रमांक टाकायचा. सुट्ट्या नोटा कमी पडतात, त्यांची मागणी रोकड मागवतानाच करा. सगळी पाकिटं भरून झाल्यावर पाकिटांतली रक्कम आणि पत्रकाची बेरीज जुळली की मगच जेवायला उठायचं.

सकाळी सावलीत टेबल. पहिला मान रात्रपाळीच्या पहारेकऱ्यांचा. ते रात्रभर जागलेले असतात आणि घर लांब असतं. माणूस आला की ओळखपत्र बघा, क्रमांक जुळवा, पाकीट त्याच्या हातात द्या आणि तिथेच मोजायला सांगा. मोजताना घाई करू नका. म्हाताऱ्या सफाईवाल्या बाईंना नोटा दोनदा मोजायच्या असतील तर मोजू द्या, त्यांच्या मागची रांग थांबेल. मोजून झाल्यावर सही किंवा अंगठा. पगारपत्रकातली प्रत्येक कपात त्यांच्या भाषेत सांगायला दुभाषा शेजारी बसवा. भावाचा पगार भाऊ मागायला आला तर लेखी संमती आणि दोघांची ओळखपत्रं लागतील. हा नियम तिथल्या लोकांनाही पटतो, कारण ज्याचा पगार दुसऱ्यानेच उचलला असा कुणीतरी प्रत्येकाच्या ओळखीत असतो.

विमान आलं नाही आणि रोकड अपुरी पडली तर? सगळ्यांना एकत्र बोलावून खरं सांगा. जे आहे त्यातून सगळ्यात कमी पगाराच्या लोकांना आधी द्या, आपल्यासारख्यांनी शेवटी घ्या. उचल मागायला लोक येतीलच: बाळंतपण, अंत्यविधी, पुरात गेलेलं घर. उचलीचा नियम भिंतीवर लावा आणि सगळ्यांना एकच लावा. एकाला गुपचूप दिलेली मदत दुसऱ्या दिवशी गावभर होते.

फाटक आणि चेकपॉइंट

पहारेकरी बऱ्याच प्रकल्पांत प्रशासनाच्या हाताखाली येतात. आत बंदूक आणायची नाही हा नियम फाटकावरच्या चित्रात असतो, पण तो पाळून घेणारा तो निःशस्त्र माणूस असतो. सैनिक जखमी होऊन आला तर त्याच्यावर उपचार होतात, त्याचं शस्त्र बाहेर राहतं. हे बोलायचं कसं, आवाज चढला तर बोलवायचं कुणाला, याचा सराव पहारेकऱ्यांकडून वरचेवर करून घ्या. त्यांना बूट, रेनकोट आणि टॉर्च वेळेवर मिळतात की नाही यावर जातीने लक्ष ठेवा.

चेकपॉइंटवर किंवा नदीवर कुणी 'कर' मागितला तर तिथे वाद घालू नका आणि पैसेही काढू नका. नम्रपणे लेखी मागणी द्यायला सांगा, समन्वयकाला कळवा. ती बोलणी वरच्या पातळीवर होतात.

पावसाआधी

साधारण मे ते ऑक्टोबर पाऊस. तिथली जमीन आपल्या विदर्भ-मराठवाड्यासारखी काळी, चिकट. भिजली की गाडी रुतते आणि मातीची धावपट्टीही बंद पडते. रजिस्टरं, शाई, छापील अर्ज, टोनर यांची वर्षभराची मागणी कोरड्या दिवसांतच करा. करार आणि पावत्या झाकणाच्या प्लॅस्टिक पेट्यांत, जमिनीपासून वर ठेवा. वाळवी एका रात्रीत फाइल खाते. दर महिन्याला सगळं स्कॅन करून जुबाला पाठवा.

बाहेर पडायची वेळ आली तर

ही तयारी शांततेच्या दिवसांत करायची. खोलीत पाठीवरची छोटी पिशवी भरलेली ठेवा: पासपोर्ट, पाणी, औषधं, टॉर्च, बूट. ऑफिससाठी दुसरी यादी करा: काय न्यायचं, काय नष्ट करायचं, कोणत्या क्रमाने. कर्मचाऱ्यांचे पत्ते, जमात कळेल अशी कोणतीही यादी, रुग्णांची माहिती मागे राहता कामा नये. ती यादी चुकीच्या हातात पडली तर माणसं जिवाला मुकू शकतात. म्हणूनच जमातीचा रकाना कुठल्याही फाइलीत मुळातच ठेवू नका.

तिजोरीतल्या पैशाचं काय करायचं हेही आधी ठरवा. दवाखाना बंद होण्याआधी कर्मचाऱ्यांना काही महिन्यांचा पगार आगाऊ द्यायचा असेल तर पत्रक तयार असलं पाहिजे. तासाभरात वाटप करता येईल असं ते दर महिन्याला अद्ययावत करा. लोक झाडीत किंवा पाणथळ जागी पळून जातात, तेव्हा त्या पैशावर त्यांची मुलं जेवतात.

आणि यातली सगळ्यात अवघड गोष्ट. विमान येईल ते बहुतेक वेळा बाहेरून आलेल्यांसाठी. दुसऱ्या जिल्ह्यातून आणलेल्या कर्मचाऱ्यांना परत पोचवणं ही संस्थेची जबाबदारी, पण त्याच गावचे लोक तिथेच राहतात, आणि कित्येकदा तेच दवाखाना चालू ठेवतात. कुणाला कुठवर नेलं जाईल हे संस्थेच्या धोरणात लिहिलेलं असतं. ते वाचा. शंका असेल तर जुबाला विचारा आणि प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणुकीच्या दिवशीच स्पष्ट सांगा. मला हा फरक आजही सहन होत नाही. तो मिटवणं तुमच्या हातात नाही. पण त्या दिवशी धावपट्टीवर कुणालाही तो पहिल्यांदा कळू नये, एवढं तुमच्या हातात नक्की आहे.

परतीआधी

हस्तांतराची टिपणं पहिल्या महिन्यापासून लिहीत जा. ज्वारीच्या भावाचा तक्ता, करार संपण्याच्या तारखा, दुकानदारांची उधारी, उचलीची बाकी हे सगळं त्यात असू द्या. नव्या माणसाला आयुक्तांकडे आणि बाजारात स्वतः घेऊन जा. पहारेकऱ्यांशी ओळख करून द्या, नावानिशी. आणि परतीचं विमान पगाराच्या दिवसानंतरचंच मागा, म्हणजे नव्या माणसाने टेबलावर बसून एक वाटप तुमच्यासमोर केलेलं असेल.